कळतं पण वळत नाही: वांग यांगमिंगच्या 'जाणणं आणि करणं एकच' बद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये एका स्लाइडवर वांग यांगमिंग या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या चिनी तत्त्वज्ञाचं 'ज्ञान आणि कृती एकच' हे वाक्य होतं आणि ट्रेनरने अर्थ सांगितला की विचार करत बसू नका, कामाला लागा. तुम्ही घरी येऊन अजून शोधलं तर त्याचं दुसरं वाक्य सापडलं, की ज्याला कळतं पण जो करत नाही त्याला अजून कळलेलंच नाही. ते तुम्हाला लागलं, कारण गावी एकटी राहणाऱ्या आईकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे तुम्हाला तीन वर्षांपासून कळतंय आणि होत नाहीये. तर मग मला कळतच नाही का, की हा माणूस शब्दांचा खेळ करतोय? आणि शेवटी तीन पुरवण्या: बांबूकडे सात दिवस बघत बसल्याची गोष्ट खरी का, सदसद्विवेकावर बोलणारा माणूस फौज घेऊन लोकांना मारत कसा फिरला, आणि वांगला वाचायचं तर कुठून.

मी वीसेक वर्षं चिनी शिकवतोय, त्यातली शेवटची बारा जुनी चिनी, आणि दर रविवारी सकाळी आमचा सात-आठ जणांचा एक गट वांगच्या संवादांचं पुस्तक, 'चुआनशीलू', ओळीओळीने वाचतो. एका रविवारी कधी कधी पाचच ओळी होतात. तुम्ही विचारलाय तो प्रश्न गटात नवीन आलेल्या जवळपास प्रत्येकाने विचारलाय, आणि तुम्हाला जे लागलं ते त्यांनाही लागलंय.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न चीनचा नाहीच, तो आपल्या 'कळतं पण वळत नाही' चा आहे. आपण हे वाक्य इतक्या सहज बोलतो की त्यात कळणं एकीकडे आणि वळणं दुसरीकडे अशी दोन गावं आहेत आणि मधला रस्ता खराब आहे असं आपण गृहीतच धरतो. वांगचं म्हणणं असं की गाव एकच आहे, मधे कुणीतरी भिंत घातलीय, आणि ती भिंत कशाची आहे ते आधी बघ. हे तुमच्यावर आरोप करणारं वाक्य नाहीये, वैद्य नाडी बघून जे सांगतो तशातलं आहे. पण ते तसं ऐकू यायला दोन गोष्टी हव्यात, एक तर तो शब्द कुठला वापरतो ते, आणि दुसरं म्हणजे तो हे कुठल्या अवस्थेत शिकला ते.

आधी शब्द. चिनीत शब्द आहे 'झी'. सगळे त्याचं भाषांतर 'ज्ञान' करतात, मीही पहिली कित्येक वर्षं तेच केलं आणि आता ते चुकलं असं वाटतं. मराठीत ज्ञान म्हटलं की डोक्यात एक तर परीक्षेची माहिती येते नाही तर ब्रह्मज्ञान, आणि या दोन्हीपैकी काहीही वांगच्या मनात नाही. त्याची स्वतःची उदाहरणं बघा: दुखायला लागल्यावरच दुखणं म्हणजे काय ते कळतं, गारठल्यावरच थंडी कळते, पोट रिकामं असलं की भूक कळते. म्हणजे हे आपलं साधं 'कळणं' आहे. (आपण दुखण्यालाही कळ म्हणतो, पोटात कळ आली म्हणतो, वर्गात हे सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडतो.) भूक कळली आणि मग मी बसून ठरवलं की आता अन्नाकडे वळावं, असं कधी होतं का? भूक कळण्यातच शरीर अन्नाकडे वळलेलं असतं.

आणि तुमचा प्रश्न त्याला तोंडावर विचारला गेलाय, अगदी याच शब्दांत म्हणता येईल इतका. शू आय नावाचा त्याचा पहिला महत्त्वाचा शिष्य होता, नात्याने त्याच्या बहिणीचा नवरा. दोन मित्रांशी वाद घालून थकला, पटेना, म्हणून गुरूकडे आला आणि म्हणाला, सगळ्यांना ठाऊक आहे की आईवडिलांची सेवा करावी, मोठ्या भावाचा मान ठेवावा, तरी लोक करत नाहीत, म्हणजे कळणं आणि करणं या उघडउघड दोन गोष्टी झाल्या ना. वांगचं उत्तर असं की हे जे तू सांगतोयस तिथे स्वार्थाच्या इच्छेने दोघांना तोडून वेगळं केलेलं आहे, ते मूळचं कळणं-करणं राहिलेलं नाही. मग पुढे उदाहरण देतो, सुंदर रंग दिसणं हे कळणं आणि तो आवडणं हे करणं, पण दिसला त्याच क्षणी आवडलेला असतो, बघून झाल्यावर आवडून घ्यायला आपण वेगळं मन काढत नाही. घाण वासाचंही तसंच, ज्याचं नाक चोंदलंय त्याला समोर घाण असली तरी तिटकारा येत नाही, कारण वासच कळलेला नाही.

चोंदलेलं नाक हे माझ्या मते या सगळ्या संवादातलं सगळ्यात उपयोगी चित्र आहे. 'तुला कळतच नाही' म्हणजे तू खोटं बोलतोयस असं तो म्हणत नाहीये. नाक शाबूत आहे, फक्त चोंदलंय. म्हणून तुम्हाला तीन वर्षं जी टोचणी लागलीय ती खरी आहे आणि वांगच्या हिशेबाने तीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. त्याने उतारवयात याला नाव दिलं 'ल्यांगझी', म्हणजे न शिकता आतून कळणारी बऱ्यावाइटाची जाण. शब्द इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या मेन्शियस या कन्फ्यूशियसपंथी तत्त्वज्ञाचा, पण वांगने त्याला शिकवणुकीच्या मधोमध आणलं. ती जाण माणसात झाकली जाते पण मरत नाही, असं तो पुन्हापुन्हा सांगतो, ढगामागच्या सूर्यासारखी.

आता स्लाइडवाला अर्थ. 'विचार सोडा, कामाला लागा' हे वांगने म्हटलेलं नाही, आणि त्याच संवादात तो का नाही ते सांगतो. तो म्हणतो, जुने लोक कळणं आणि करणं असे दोन शब्द का बोलायचे, तर जगात दोन तऱ्हेची माणसं आहेत. एक तऱ्हा जी काही विचार न करता धडाधड करत सुटते, त्यांना सांगावं लागतं की बाबा आधी समजून घे. दुसरी तऱ्हा जी हवेत तरंगत विचारच करत राहते, त्यांना सांगावं लागतं की आता कर. ही दोन रोगांवरची दोन औषधं होती. लोकांनी त्यातून दोन वेगळ्या पायऱ्या बनवल्या, आधी पूर्ण कळू दे मग करू, आणि म्हणून जन्मभर करत नाहीत आणि म्हणूनच जन्मभर त्यांना कळतही नाही. ट्रेनरने दुसऱ्या रोगाचं औषध घेऊन सगळ्या हॉलला वाटलं असं म्हणता येईल.

याहून कडक एक उतारा आहे जो स्लाइडवर कधीच येणार नाही. वांग म्हणतो, लोक कळणं आणि करणं वेगळं मानतात म्हणून मनात वाईट विचार उठला तरी म्हणतात की अजून केलं तर काही नाही ना, आणि त्याला थांबवत नाहीत. मी दोन्ही एक म्हणतो ते यासाठी, की विचार उठला तिथेच करणं सुरू झालं हे कळावं, आणि तो तिथेच मुळापासून उपटावा. बघा, इथे 'करणं' हातापायाचं नाहीच आहे, मनात उठलेली ऊर्मी हेच करणं. ज्यांना वांग म्हणजे कृतिवीर वाटतो त्यांनी हा उतारा वाचावा, मला स्वतःला तो पचवायला पुष्कळ वर्षं लागली.

आता तो हे कसा शिकला. सगळं आयुष्य सांगत नाही, तुमच्या प्रश्नाला लागतं तेवढंच सांगतो, पण त्यातला एक भाग सविस्तर, कारण तो आईचा आहे.

जन्म 1472, झेजियांग प्रांतातल्या यूयावमध्ये. खरं नाव वांग शौरन, यांगमिंग हे शाओशिंगजवळच्या एका गुहेवरून पडलेलं नाव. वडील 1481 च्या राजदरबारी परीक्षेत देशात पहिले आले होते, त्यामुळे घरात अपेक्षा काय असणार ते बघा. आई तो 13 वर्षांचा असताना गेली. (त्यांच्या मोजणीत जन्मतःच एक वर्ष धरतात.) लहानपणी शिक्षकाला विचारलं की आयुष्यातलं पहिल्या नंबरचं काम कोणतं, शिक्षक म्हणाले अभ्यास करून परीक्षा पास होणं, हा म्हणाला मला वाटतं संत होणं. संत म्हणजे इथे कन्फ्यूशियसच्या अर्थाने, पूर्ण माणूस झालेला माणूस. स्वतः परीक्षेत दोनदा नापास झाला, 1499 ला पास झाला आणि सरकारी नोकरीत लागला.

बांबू इथे येतो. तेव्हा परीक्षेचा अभ्यासक्रम म्हणजे झू शी या वांगच्या तीनेकशे वर्षं आधीच्या (1130 ते 1200) तत्त्वज्ञाची भाष्यं, आधीच्या युआन राजवटीत 1313 मध्ये ती अधिकृत ठरली होती. झू शी म्हणायचा की प्रत्येक वस्तूत तत्त्व आहे, वस्तू तपासत गेलं की एक दिवस सगळं उलगडतं. तरुण वांग आणि एक मित्र यांनी ते शब्दशः घेतलं आणि अंगणातला बांबू तपासायला बसले, मित्र तीन दिवसांत आजारी पडला, वांग सातव्या दिवशी. खरी गोष्ट का? तर ती वांगने स्वतः पुढे शिष्यांना सांगितलेली आहे, चुआनशीलूच्या तिसऱ्या भागात आहे, म्हणजे मागाहून कुणी रचलेली दंतकथा नाही. पण एक सांगतो, झू शीवर हा अन्याय आहे. झू शीने बांबूकडे टक लावून बसायला सांगितलेलं नव्हतं, त्याचं तपासणं म्हणजे मुख्यतः ग्रंथ वाचणं, इतिहास बघणं, व्यवहारातल्या गोष्टींचा खल करणं. वांगची खरी हरकत नंतरची आहे आणि ती फार चांगली आहे: समजा गवत नि झाडं तपासून सगळं कळलं, तरी त्याने माझ्या मनातली इच्छा खरी कशी होईल? बांबूबद्दल सगळं कळलेला माणूस आईशी वाईट वागू शकतो. तुमच्या प्रश्नाची मेख हीच आहे ना.

मधली काही वर्षं तो ताओवादी साधनेकडे वळला होता. लग्नाच्या दिवशी नानचांगमध्ये एका मठात गेला, तिथल्या साधूबरोबर ध्यानाला बसला तो दुसऱ्या दिवशी सापडला, अशी त्याच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात नोंद आहे. 1502 च्या सुमारास तब्येतीसाठी रजा घेऊन त्या यांगमिंग गुहेत साधना करत होता आणि संसार सोडावा असं मनात येत होतं, पण आजी आणि वडील मनातून जाईनात. आई गेल्यावर आजीचाच आधार होता. मग एक दिवस त्याला लक्षात आलं की ही ओढ तर अगदी बाळपणापासूनची आहे, ही उपटून काढली तर माणूसपणच संपेल. साधनेतला अडथळा वाटत होता तोच पाया निघाला.

पुढच्या वर्षी हांगझोऊमध्ये एका विहारात त्याला एक भिक्षू भेटला, तीन वर्षं न बोलता, डोळे मिटून बसलेला. वांग त्याच्यावर ओरडला, दिवसभर तोंडाने काय पुटपुटतोस, डोळ्यांनी काय बघतोस! भिक्षू दचकून उठला आणि बोलायला लागला. वांगने घरी कोण आहे विचारलं, तो म्हणाला आई आहे. आठवण येते का? तो म्हणाला, येणारच, थांबवता येत नाही. वांग त्याच्याशी आईवडिलांवरच्या मूळच्या मायेबद्दल बोलला, तो रडला, आणि दुसऱ्या दिवशी वांगने चौकशी केली तर तो निघून गेलेला होता.

हे मी इतकं लांबण लावून का सांगतोय, तर वांगने त्या भिक्षूला कर्तव्याचं व्याख्यान दिलं नाही. आठवण येते का एवढंच विचारलं. 'कळणं' तिथे होतंच, तीन वर्षं त्याच्यावर झाकण घालून ठेवलं होतं, झाकण काढल्यावर पाय आपोआप घराकडे वळले.

मग 1506. ल्यू जिन नावाच्या खोज्याच्या हातात दरबार गेला होता, त्याने काही प्रामाणिक अधिकाऱ्यांना कैद केलं, वांगने त्यांच्या बाजूने बादशहाला अर्ज लिहिला. शिक्षा म्हणून दरबारात काठ्यांचे फटके, शुद्ध जाईपर्यंत, आणि हद्दपारी लोंगचांगला, गुईझोऊच्या डोंगरात, एका टपाल चौकीचा मुख्य म्हणून. 1508 मध्ये पोचला. राहायला घर नाही, स्थानिक लोकांची भाषा येत नाही, रोगट हवा. बरोबरची माणसं आजारी पडली तर वांग स्वतः लाकडं फोडायचा, पाणी आणायचा, पेज शिजवून द्यायचा, ते खचू नयेत म्हणून गाणी म्हणायचा, तेही पुरेना तेव्हा गमतीच्या गोष्टी सांगायचा. मान-अपमान, नफा-तोटा हे सुटलं पण मरणाची भीती सुटली नाही म्हणून दगडाची शवपेटी करून घेतली आणि तिच्यापाशी बसून राहायचा. आणि स्वतःला विचारत होता की या जागी संत असता तर त्याने काय केलं असतं. एका मध्यरात्री ओरडून उठला, बाकीचे दचकले. त्याला जे कळलं ते इतकंच की संतांचा मार्ग माझ्या स्वभावात पुरेपूर आहे, बाहेरच्या वस्तूंत तत्त्व शोधत होतो तेच चुकलं. कळणं-करणं एक ही शिकवण त्याने पुढच्याच वर्षी, 1509 ला, गुईयांगमध्ये मांडायला सुरुवात केली.

माझं वाचन असं आहे की त्या रात्रीच्या आधीची पेज जास्त महत्त्वाची आहे. लोक मध्यरात्रीच्या ओरडण्यावर पानंच्या पानं लिहितात. पण तो आधीच करत होता, आजारी नोकराला काय हवंय ते त्याला कुठल्याही भाष्यात शोधावं लागलं नाही, आणि मला वाटतं त्या रात्री त्याला उमगलं ते हे, की जे मी रोज करतोय त्यातच ते होतं.

आता तुमच्या आईकडे येतो, आणि इथे एक माझं सांगायला हवं. माझे वडील शेवटच्या वर्षी सोलापूरला होते, मी पुण्यात. रोज संध्याकाळी सातला फोन, गोळी घेतली का, शुगर किती आली, बाई आली होती का. एक दिवस चुकवला नाही. आणि त्याच वर्षी गटात आम्ही तो उतारा वाचत होतो ज्यात शिष्य विचारतात की आईवडिलांना हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा द्यायचा तर त्याच्या बारीकसारीक पद्धती शिकायला नकोत का, आणि वांग म्हणतो, नुसत्या पद्धती बरोबर जमल्या म्हणजे झालं असेल तर रंगमंचावर आईवडिलांची सेवा करून दाखवणाऱ्या नटालाही परमोच्च चांगला म्हणावं लागेल. मन खरं असेल तर थंडी पडली की त्यांना गारठा लागत असेल हे आपसूक मनात येतं आणि मग ऊब कशी द्यायची ते माणूस शोधतोच, मुळं असली की फांद्या फुटतात. मी ते वर्गात मोठ्याने वाचत होतो आणि मला वाचवेना. माझा सातचा फोन नटाचा होता. फोनवर वडील काही वेगळं बोलायला लागले की मी घाई करायचो, कारण मला त्यांच्या एकटेपणाशी समोरासमोर यायची भीती वाटत होती, मी गेलो तर मला राहावं लागेल हे मला माहीत होतं. माझं नाक कशाने चोंदलं होतं ते त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी गेलो, चार महिने मिळाले.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला 'उद्यापासून रोज फोन करा' असा नाही. रोज फोन करून तीन वर्षं तसंच राहता येतं. आईचा विचार मनात येतो तो क्षण पकडा आणि त्याला लागून लगेच दुसरं काय येतं ते बघा. कंटाळा? जुना राग? पैशाचा हिशेब? बायको किंवा नवरा काय म्हणेल? गेलो तर मला बदलावं लागेल ही धास्ती? ते जे दुसरं येतं त्याला वांग स्वार्थाची इच्छा म्हणतो, शब्द कडक आहे पण त्यात भीतीही येते. ते दिसलं की बऱ्याचदा वळायला फार जोर लावावा लागत नाही. निदान माझ्या आणि गटातल्या काहींच्या अनुभवात लागला नाही.

पण हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते न सांगणं खोटं होईल. भिंत दरवेळी मनातच असते असं नाही. रजा नाही, कर्ज आहे, घरात दुसरं आजारपण आहे, अशा वेळी 'तुला कळतच नाही' म्हणणं क्रूर आहे, आणि वांगने स्वतः ते भोगलंय. जियांग्शीत नेमणुकीवर असताना आजारी आजीला भेटायला सोडा म्हणून त्याने दरबाराला पुन्हापुन्हा अर्ज केले, मिळालं नाही, ती गेली तेव्हा तो तिच्यापाशी नव्हता. आणि जर तुम्हाला फक्त आईच नाही तर कशाकडेच वळवत नसेल, झोप उडाली असेल, सकाळी उठवत नसेल, तर ते तत्त्वज्ञानाचं काम नाही, आधी डॉक्टरांना भेटा. दुसरं म्हणजे, आतून वाटतं तेच बरोबर असंही यातून काढू नका. वांगनंतर त्याचे काही अनुयायी तिकडे वाहवले, आणि 1644 ला मिंग राजवट (वांगच्या वेळचीच) कोसळल्यावर गू यानवूसारख्या विद्वानांनी त्यांच्या पोकळ बोलण्याला दोष दिला. जपानमध्ये वांगला मानणाऱ्या ओशिओ हेइहाचिरो या आधीच्या पोलीस अधिकाऱ्याने 1837 च्या दुष्काळात ग्रंथसंग्रह विकून गरिबांना मदत केली आणि मग उठाव केला, त्यात ओसाकाचा मोठा भाग जळाला, म्हणजे ज्यांच्यासाठी उठला त्यांचीच कितीतरी घरं गेली असणार. त्याचं मन खरं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. म्हणून मी गटात नेहमी म्हणतो की मनाची जाण एकट्याने तपासू नका, ज्याच्यावर तुमच्या करण्याचा परिणाम होणार त्यालाही विचारा. हे वांगचं वाक्य नाही, माझं आहे.

आता फौजेचं. 1517 पासून तो दक्षिण जियांग्शीत, आजूबाजूच्या प्रांतांच्या सीमेवर डोंगरातल्या टोळ्यांचा बंदोबस्त करत होता. बंदोबस्त म्हणजे माफीची पत्रं, गावांचे आपसातले करार, शाळा, आणि मारणंही, भरपूर. 1518 च्या नवीन वर्षाला एका टोळीचा म्होरक्या ची झोंगरोंग याला त्याने आपल्या माणसांसकट गानझोऊला बोलावलं, नवे कपडे दिले, पाहुणचार केला आणि मग सगळ्यांना मारलं. चरित्रात लिहिलंय की यांना बदलवता आलं नाही म्हणून दुपार टळली तरी वांग जेवला नाही, चक्कर येऊन उलटी झाली. 'डोंगरातले चोर जिंकणं सोपं, मनातले चोर जिंकणं अवघड' हे त्याचं सगळ्यात गाजलेलं वाक्य याच मोहिमेतल्या पत्रातलं आहे. मला हा प्रसंग सुंदर करून सांगता येत नाही आणि सांगायचाही नाही. तो त्या राज्याचा अधिकारी होता, टोळ्या गावं लुटत होत्या, हे खरं, आणि पाहुणा म्हणून बोलावलेल्यांना मारलं हेही खरं, आणि ती उलटी त्याच्या जाणीवेने दिलेली साक्ष आहे असं मला वाटतं, त्याच्या बाजूने की विरुद्ध ते तुम्ही ठरवा.

1519 चा भाग वेगळा आहे. निंगचा राजपुत्र झू चेनहाव याने नानचांगहून बंड केलं, वांगने वरून हुकुमाची वाट न बघता हाताला लागतील ती माणसं जमवली, राजपुत्र आनछिंगला वेढा घालून बसलेला असताना त्याचं नानचांगच घेतलं, आणि परत फिरलेल्या राजपुत्राला पोयांग सरोवरात पकडलं, सगळं महिना-दीड महिन्यात. बक्षीस काय मिळालं, तर बादशहाला स्वतः येऊन बंडखोर पकडायची हौस आली होती, त्यामुळे राजपुत्राला परत सोडा म्हणजे बादशहा पकडतील असं त्याच्या मर्जीतले लोक सुचवायला लागले, आणि वांगच बंडात सामील होता अशा अफवा उठवल्या. त्या दिवसांत आपण ज्याच्यावर टिकलो ते ल्यांगझी, 'शंभर मरणं आणि हजार संकटं' सोसून हाती आलं, असं तो नंतर म्हणाला आणि शिष्यांना बजावलं की तुम्हाला हे सहज मिळतंय म्हणून खेळण्यासारखं वापरू नका. म्हणून मला ते स्लाइडवर बघून वाईट वाटतं.

1529 च्या जानेवारीत, ग्वांगशीच्या मोहिमेवरून घरी परतताना, जियांग्शीत नावेतच गेला. शेवटचं काही सांगायचंय का असं शिष्याने विचारलं, तर म्हणाला, हे मन उजळ आहे, आणखी काय बोलायचं.

कुठून वाचायचं तेही विचारलंय. इंग्रजी चालत असेल तर विंग-त्सित चानचं 1963 चं भाषांतर घ्या, त्यात उताऱ्यांना नंबर आहेत. पहिल्यापासून सरळ वाचायला बसू नका, सुरुवातीलाच एका शब्दाच्या पाठभेदाचा वाद आहे आणि तिथे कंटाळून लोक सोडतात. मी नवीन माणसाला आधी 3, 4, 5 वाचायला देतो, आईवडिलांची सेवा, तो नट आणि शू आयचा प्रश्न, तिन्ही तिथेच आहेत. मग 226, तो विचार-हेच-करणं वाला. बांबू 319 ला आहे, तो शेवटी वाचला तरी चालेल.

आणि 218 नक्की वाचा, तुम्ही नोकरी करता म्हणून सांगतो. एक अधिकारी वांगला म्हणतो की तुमची शिकवण फार छान आहे पण मला खटल्यांच्या कागदांतून वेळच मिळत नाही. वांग म्हणतो, मी कधी सांगितलं की खटले सोडून हवेत अभ्यास कर म्हणून? समोरचा उर्मटपणे बोलला म्हणून रागावू नकोस, गोड बोलला म्हणून खूश होऊ नकोस, त्याने वशिला आणला म्हणून चिडून शिक्षा वाढवू नकोस, विनवण्या केल्या म्हणून वाकू नकोस, कामं फार आहेत म्हणून उरकून टाकू नकोस. आमच्या गटात एक तालुक्याच्या कचेरीतून रिटायर झालेले काका आहेत, त्यांनी हा उतारा हाताने लिहून घेतला आणि म्हणाले, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं. एका वेळी एकच वाचा, दोन दिवस मनात राहू द्या, आणि अडलं तर उताऱ्याचा नंबर टाकून इथेच विचारा, रविवारी गटात वाचून मी उत्तर लिहीन.